यंत्र चालू स्थितीत आढळले

हळदीची वाटी घेऊन मी यंत्राच्या पायाशी वाकले, तर तिथं माझा हात आधीच उमटलेला होता. पिवळा, जरा काळपट पडलेला, कडांना तेलकट धूळ धरलेला, पण स्पष्ट. तळव्याचा ठसा, चार बोटं पूर्ण आणि करंगळीशेजारचं बोट अर्धं. हे बोट माझ्या नवव्या वर्षी निपाणीला बाबांच्या पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात गेलं. अर्ध्या बोटाची बाई अख्ख्या बेंगळुरात मी एकटीच असा माझा दावा नाही. पण बोट अर्धं, हळद पाण्याऐवजी तेलात कालवायची, आणि ती यंत्राच्या तोंडावर न लावता खालच्या पोलादी पट्टीला, तीही आतल्या बाजूनं लावायची, असा सगळा वेडेपणा एकत्र असलेली बाई एकच आहे, आणि तिला मी चांगली ओळखते. हेब्बाळच्या त्या नव्याकोऱ्या शेडमध्ये सगळे माझ्यासाठी थांबले होते. मंत्र मध्येच थांबवून ताटकळलेले पुरोहित, कोहळा हातात धरलेला एक माणूस, आणि कंपनीचा मालक गिरीराज, पांढरा शर्ट, अनवाणी पाय, चेहऱ्यावर पूजेपुरती भक्ती. हे यंत्र परवाच चेन्नईच्या बंदरातून उतरून थेट इथं आलं, याला अजून कुणाचा हात लागलेला नाही, असं त्यानं मला दहा मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं.

मी राज्य सरकारच्या एका गुंतवणूक निधीत काम करते. सरकार नव्या, लहान कंपन्यांत पैसे घालतं, त्यांचं भागीदार होतं, आणि शेवटचा मोठा हप्ता सोडायच्या आधी निधीचा एक अधिकारी जागेवर जाऊन यंत्र खरंच आहे ना, चालतंय ना, हे बघून येतो. सतरा वर्षं त्या अधिकाऱ्यांपैकी एक मी, शिवलीला. कागद मला फारसे कधी आवडले नाहीत. कागद बघायला ऑफिसात चिक्कार माणसं आहेत, त्यातली निम्मी तर एकमेकांचेच कागद बघतात. मी यंत्राजवळ उभी राहते, डोळे मिटते आणि ऐकते. बेअरिंग घासतंय का, पाया नीट बसलाय का, दाखवायला म्हणून दोन तासांसाठी आणून उभं केलंय का, हे मला आवाजावरून कळतं. कळतं म्हणजे कळतंच. एकदा तुमकूरकडच्या एका कारखान्यात मी बाहेर रस्त्यावरूनच सांगितलं होतं की आत यंत्र नाही, जनरेटर चालू ठेवलाय. तेव्हापासून ऑफिसात मला आवाजवाल्या मॅडम म्हणतात. मला ते नाव आवडतं. आवडत नाही असं उगीच कशाला म्हणू? आमचे दयानंद, म्हणजे माझे यजमान, म्हणतात की तू लग्नाआधी मलाही डोळे मिटून ऐकूनच पास केलं असशील. आज सकाळी बसवनगुडीतून निघताना त्यांनी विचारलं, "आज किती कोहळे फोडणार?" मी म्हटलं, "एकच, पण जोरात."

फेब्रुवारीत मी देवनहळ्ळीला अशीच गेले होते. किल्ल्याच्या पुढं, जिथं द्राक्षाचे मळे काढून प्लॉट पाडलेत, तिथं फुलं थंड ठेवायची एक कंपनी. परदेशी जाणारी फुलं विमानतळावर जायच्या आधी तिथं राहणार होती. आतला मोठा कॉम्प्रेसर हिरव्या रंगाचा होता. सुरेख चालत होता. इतका एकसारखा, न धापता, की मी नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून उभी राहिले, आणि पूजेच्या वेळी कुणी न सांगता पट्टीच्या आत हात लावला. जे यंत्र मनापासून आवडतं त्यालाच मी असा पूर्ण हात लावते, नाहीतर एक बोट पुरतं. मग ऑफिसात येऊन अहवालात लिहिलं, यंत्र चालू स्थितीत आढळले. हप्ता सुटला. त्या कंपनीचं पुढं काय झालं हे मला माहीत नव्हतं, कारण पुढं काय झालं हे बघायला दुसरा विभाग आहे.

आता तोच हात हेब्बाळला होता आणि भोवतीचं यंत्र निळं झालं होतं. रंग चांगला चढवला होता, बाहेरून. नावाची पट्टी नवी होती, बोल्ट नवे होते. पट्टीच्या आत मात्र बोटभर रुंदीची हिरवी रेघ राहिली होती आणि त्या रेघेवर माझी हळद. मी वाकलेलीच राहिले. कमरेत कळ आली तरी सरळ झाले नाही, कारण सरळ झाले की माझा चेहरा सगळ्यांना दिसला असता, आणि त्या चेहऱ्यावर काय आहे ते मलाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा आली ती लाज. राग नाही, भीती नाही. अर्ध्या तासापूर्वी चाचणीसाठी यंत्र सुरू केलं तेव्हा मी डोळे मिटले होते आणि आवाज ऐकून मला छान वाटलं होतं. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं. मी मनात म्हटलंही होतं, वा, देवनहळ्ळीसारखंच आहे. देवनहळ्ळीसारखंच! कान ओरडून सांगत होता की हे तेच आहे, आणि मी त्याला शाबासकी देत होते की बघ, तुला किती छान कळतं.

पायाला हळद लावायची ही पद्धत बाबांची. कृष्णात गिरणीवाले म्हटलं की निपाणीच्या बाजारात अजून कुणीतरी जुनं माणूस मान डोलावेल. खंडेनवमीला सगळे इंजिनाच्या तोंडावर गंध काढायचे, झेंडू लावायचे. बाबा वाटीत तेल घ्यायचे, त्यात हळद कालवायचे आणि जमिनीवर आडवं होऊन इंजिनाच्या बैठकीच्या आत हात घालायचे. आई चिडायची, धुतलेलं धोतर पीठ-ग्रीसनं भरायचं. बाबा म्हणायचे, "तोंडावरचं गंध उद्या फडक्यानं जातंय गं. पायाचं वरीसभर ऱ्हातंय. वझं पायावर आस्तंय न्हवं?" पट्ट्यात बोट गेलं त्या दिवशी त्यांनी इंजिन बंद केलं आणि मला उचलून दवाखान्यात नेलं, आणि पुढचे तीन दिवस गिरणी उघडली नाही. चौथ्या दिवशी मीच हट्ट करून त्यांच्याबरोबर गेले. त्यांना वाटलं मी घाबरेन. मी त्याच इंजिनाशेजारी बसून बँडेजच्या हातानं जोंधळ्याची चिमूट चाखून बघत होते. तेव्हापासून मला यंत्राची भीती वाटलेली नाही, आणि बहुधा तिथूनच हा समज डोक्यात बसला की यंत्र माझ्याशी खोटं बोलणार नाही. ते बोललंही नाही. देवनहळ्ळीला ते म्हणालं मी चालतोय, आज हेब्बाळला म्हणालं मी चालतोय. तू कुणाचा, कुठून आलास, हे मी विचारलंच नाही. एवढा साधा प्रश्न. भाजीवालीला मी दहा प्रश्न विचारते.

"मॅडम, ठीक आहात ना?" गिरीराजनं कानडीत विचारलं. मी हो म्हटलं, वाटी खाली ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकत उठले. हळद न लावताच. पुरोहितांनी ते पाहिलं, पण त्यांना पुढच्या ठिकाणी जायचं असावं, त्यांनी मंत्र परत सुरू केला. मी म्हटलं, आधी मला यंत्र एकदा मागून बघू द्या, पूजा नंतर. असल्या वेळी माझा आवाज चढत नाही, उलट खाली येतो, आणि मग लोक बाजूला होतात. गिरीराज बाजूला झाला आणि फोन काढून दाराकडे गेला. मागच्या बाजूला, नळ्यांच्या जाळीशेजारी, एक पन्नाशीचा फिटर उभा होता. निळा गणवेश, खिशावर कंपनीचं नाव नव्यानं शिवलेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं, आणि खाली म्हणजे माझ्या उजव्या हाताकडे.

"तुमचं नाव काय?" मी विचारलं. कानडीतच. "नागराज," तो म्हणाला. मग जरा थांबून, अगदी हळू, "देवनहळ्ळीला मी विचारलं होतं मॅडम, बोट कसं गेलं म्हणून. तुम्ही सांगितलं होतं. गिरणीचं." मी त्याच्याकडे बघत राहिले. मला काही आठवेना. आवाज आठवत होता, हिरवा रंग आठवत होता, त्या दिवशीची द्राक्षं आणि बिनसाखरेची कॉफीसुद्धा आठवत होती. ज्या माणसाशी मी माझ्या बोटाबद्दल बोलले, आणि ते मी सहसा कुणाशी बोलत नाही, तो माणूस मात्र पुसला गेला होता. "तिथं हिरवा गणवेश होता," त्यानंच मला मदत केली. मी विचारलं, हे कितवं? त्यानं दाराकडे पाहिलं. "शेड चौथी. यंत्र हेच. यंत्राबरोबर मी पण." आणि बाकीच्या शेड्स? "यंत्र गेलं की कुलूप." मी विचारलं, मग रंग तुम्हीच दिला का. तो म्हणाला हो. सगळं घासून पुसून नवं कर, जुनं काही दिसता कामा नये, असं सांगितलं होतं. मग हे का ठेवलं? त्याला माझा प्रश्न मूर्खपणाचा वाटला असावा. तो म्हणाला, "पायाला केलेली पूजा आहे मॅडम. आपोआप गेली तर गेली. घासून कशी काढायची?"

चार कंपन्यांचा व्यवहार, वकील, शिक्के, बंदराचे कागद, एवढं सगळं ज्यांनी बसवलं त्यांनी रंग द्यायला एक भाविक माणूस ठेवला होता. मला हसू येत होतं, पण ते पुरतं आलं नाही. कारण तोवर दुसरी गोष्ट लक्षात आली होती. निधीत तपासणीला जाणारे आम्ही सहाजण. देवनहळ्ळी मला दिली कुणी? हेब्बाळ मला दिलं कुणी? आणि दोन्ही वेळेला, "कागद माझ्याकडे बघून झालेत, तुम्ही फक्त यंत्र ऐकून या," असं म्हणालं कोण?

हयवदनराव आमचे मुख्य. घराणं बेंगळुरातलंच, साडेतीनशे-चारशे वर्षांपासून, घरात मराठी, निम्मी कानडीत भिजलेली. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये मी ताटातल्या चपात्या मराठीत मोजताना त्यांनी ऐकलं आणि लांबूनच म्हणाले, "निप्पाणीचे की तुमी, अक्का?" माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठा माणूस मला अक्का म्हणाला आणि मी त्या क्षणी त्यांची झाले. या शहरात मला घर मिळालं ते त्यांच्या ओळखीनं. बाबांना इथं आणून दवाखान्यात ठेवलं तेव्हा रोज सकाळी सहाला कॉफीचा थर्मास घेऊन ते यायचे, बाबांच्या पायाशी बसायचे आणि त्यांना गिरणीबद्दल विचारायचे. शेवटच्या दिवसांत बाबा माझ्यापेक्षा त्यांच्याशी जास्त बोलले. पुढच्या महिन्यात ते माझं नाव महाव्यवस्थापक पदासाठी पाठवणार होते. मी ते पद मनातल्या मनात केव्हाच घेतलेलं होतं, खोलीच्या पडद्यांचा रंगसुद्धा ठरवलेला होता. मी फोन लावला तेव्हा अजून आशा होती. ते म्हणतील, काय सांगता अक्का, थांबा मी येतो. तेवढं एक वाक्य त्यांनी म्हटलं असतं तर मी त्यांना सगळ्यातून सोडवलं असतं, स्वतःच्या मनात तरी.

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "स्वल्प बाहेर या अक्का, मोकळं बोलूया." म्हणजे गिरीराजचा फोन माझ्या आधी पोचला होता. मी शेडच्या बाहेर आले. पलीकडे तलावाच्या काठावर माणसं फेऱ्या मारत होती. ते शांतपणे म्हणाले, "मला एक सांगा. देवनहळ्ळीला यंत्र चालत होतं की नव्हतं?"

"चालत होतं."

"मग तुमी काय खोटं लिहिलं? एक अक्षर खोटं नाही की. आज पण चालतंय ना? सरी, झालं तर. तेवढंच लिहा. खरं तेच लिहा."

"आणि यंत्र एकच आहे ते?"

"ते तुमाला कोण विचारलं आहे? फॉर्मात तो प्रश्नच नाही." मग त्यांचा आवाज मऊ झाला, दवाखान्यातल्या सकाळसारखा. "अक्का, रागावू नका. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर त्यानं यंत्र कुठलं ते विचारलं असतं, आणि मग त्याला खोटं लिहावं लागलं असतं. तुमाला पाठवलं म्हणून कुणालाच खोटं लिहावं लागलं नाही. तुमच्या सहीवर वर कुणी प्रश्न विचारत नाही. हे मी अभिमानानं सांगतो."

ते खरंच अभिमानानं सांगत होते. ते मला लागलं. लागलं म्हणजे, पट्ट्यात बोट गेलं तेव्हा आधी काही दुखलं नव्हतं, फक्त गरम वाटलं होतं, तसं. सतरा वर्षं मी जे माझं म्हणून सांभाळलं, माझा कान, माझी सही, माझा ताठा, ते सगळं या माणसानं नीट पारखून, कौतुक करून वापरलं होतं. मला लाच द्यायची गरजच पडली नाही. मला फक्त चांगलं म्हणायचं आणि योग्य शेडमध्ये पाठवायचं. त्यांच्यावरही मी रागावले, पण त्याहून जास्त मला माझ्या त्या मिटलेल्या डोळ्यांचा संताप आला. कोण बाई होती ती, देवनहळ्ळीला खुशीत उभी, आणि तिला एकदाही डोळे उघडून विचारावंसं वाटलं नाही?

"साहेब, मी लिहिणार आहे," मी म्हटलं.

"काय लिहिणार? पहिलं नाव तुमचंच येईल. सही तुमची. दोन वर्षांवर रिटायरमेंट आहे. पेन्शन अडकेल, चौकशी बसेल, दयानंदांना काय सांगाल? आणि तुमचे बाबा..."

"बाबांचं नाव घेऊ नगासा," मी म्हटलं, आणि ऑफिसची, पुस्तकातली, नीट इस्त्री केलेली माझी मराठी तिथंच संपली. "पैलं नाव माझं येतंय न्हवं? येऊ द्या की. माझंच हाय ते. पर मी खरं लिवलं म्हणून तुमी सुटायचं, आसं न्हाई हुणार."

ते म्हणाले, "विचार करा अक्का," आणि फोन ठेवला. अक्का त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं. मी तलावाकडे बघत उभी राहिले. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. उलट एक फार जुना, लहानपणीचा निगरगट्टपणा अंगात चढत गेला, आणि मी हिशेब न करता आत गेले.

पुरोहित निघून गेले होते. कोहळा खुर्चीवर ठेवला होता. गिरीराज काहीतरी इंग्रजीत म्हणाला, गैरसमज, ग्रुप कंपनी, तात्पुरती व्यवस्था, असे शब्द त्यात होते. मी त्याला म्हटलं, जरा उजेडातून बाजूला व्हा. मी जमिनीवर आडवी झाले, साडीसकट, आणि माझा उजवा हात त्या जुन्या हाताशेजारी धरून ऑफिसच्या टॅबवर फोटो काढला. एक लांबून, एक जवळून. हिरव्या रेघेचा एक. नागराजनं न सांगता बॅटरी धरली. त्याची नोकरी आज गेलीच होती, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं, आणि तरी बॅटरी हलत नव्हती. मी त्याला विचारलं, तुमचं म्हणणं लिहू का, नावासकट? तो म्हणाला, "लिहा. चारही शेडचे पत्ते सांगतो."

आमच्या तपासणीचा फॉर्म टॅबवरच भरायचा असतो, जागेवर उभं राहून, आणि तो पाठवला की त्याच क्षणी समितीच्या सातही सदस्यांना आणि दक्षता विभागाला दिसतो. परत घेता येत नाही. ही सुधारणा तीन वर्षांपूर्वी हयवदनरावांनीच करून घेतली होती, भाषण करून. खाली दोन चौकोन असतात, अनुकूल आणि प्रतिकूल. सतरा वर्षांत मी कित्येक यंत्रं नापास केली, पण ती सगळी अनुकूल चौकोनातच, "त्रुटी दूर केल्यावर" असं लिहून. तशीच पद्धत आहे. प्रतिकूल कुणी दाबत नाही. मी दाबला. एक नवं पान उघडलं, जे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि बहुतेक ऑफिसातल्या कुणीच पाहिलं नसावं. त्यात मी चार पत्ते टाकले, फोटो जोडले आणि लिहिलं, यंत्र चालू स्थितीत आढळले. ते मी यापूर्वी देवनहळ्ळी येथे पाहिले आहे. तेव्हा ते कुणाचे हे मी विचारले नाही. ही चूक माझी.

खाली शेवटचा प्रश्न होता, जबाबदार अधिकाऱ्यांची नावे. पहिल्या ओळीत मी माझं नाव लिहिलं, शिवलीला, मग वडिलांचं, मग आडनाव, सगळं पूर्ण, एका दमात. दुसऱ्या ओळीला मात्र अडले. ह लिहिला, पुसला, परत लिहिला. नागराज बॅटरी विझवायला विसरून माझ्याकडे बघत होता. मी डोळे उघडे ठेवून ते नाव पूर्ण लिहिलं आणि पाठवून दिलं.